ऑपरेशनआधीची पेनाची खूण

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर मळ जमा करणारी पिशवी लावावी लागेल, असं सर्जननी सांगितलं की घरचे आधी विचारतात, "कायमची की तात्पुरती?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, असं मला कळकळीनं वाटतं: पिशवीची जागा कोण आणि कधी ठरवणार?

आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढून कातडीला शिवतात, तो स्टोमा. त्याची जागा ऑपरेशनच्या आधी, पेशंट जागा असताना पेनानं आखायची असते. उभं करून, बसवून, वाकवून, आडवं करून. बसल्यावर पोटाला पडणारी वळी टेबलावर झोपलेल्या माणसात दिसत नाही. स्टोमा नेमका त्या वळीत आला की पिशवी नीट चिकटत नाही, गळते आणि कातडी सोलून निघते. परकराची नाडी कुठे बांधता, पँट कुठे बसते, जेवायला मांडी घालून बसता का, हे सगळं सांगा, लाजू नका. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. दुसरीकडे ऑपरेशन होणार असेल तर तिथे स्टोमा नर्स आहे का, ते विचारा.

स्टोमा लालसर आणि ओला असतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही, पुसताना किंचित रक्त दिसतं, त्याची भीती नको. काळपट पडला तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

लहान आतड्याचा स्टोमा, म्हणजे इलिओस्टोमी, जास्त सांभाळावा लागतो. त्यातल्या पातळ मळात पाचकरस असतात आणि ते कातडी जाळतात. 1952 मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन ब्रायन ब्रूक यांनी आतड्याचं टोक शर्टाच्या बाहीसारखं उलटून शिवण्याची पद्धत मांडली. त्यामुळे स्टोमा थोडा वर उचललेला राहतो आणि मळ थेट पिशवीत पडतो. आजही तसंच शिवतात.

दुसरी अडचण मिठाची. पाणी आणि मीठ शोषून घ्यायचं काम मोठ्या आतड्याचं. मळ तिथवर पोचलाच नाही तर दोन्ही पिशवीतून निघून जातात. त्यात मुंबईचा मे महिना, लोकलची गर्दी, घामाच्या धारा. अशा वेळी नुसतं पाणी ढोसलं तर आतड्यात उलट मीठ ओढलं जातं आणि पिशवी आणखी भरते. त्यापेक्षा ओआरएस बरं, मीठ घातलेली पेजही चालते. भात, केळं, साबुदाणा यांनी मळ घट्ट होतो. दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल, लघवी कमी झाली किंवा चक्कर आली, तर वाट पाहू नका.

पिशवीत कधी अख्खी गोळी दिसली तर तेही डॉक्टरांना कळवा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आखूड झालेल्या वाटेत विरघळायच्या आतच बाहेर पडतात. मग बीपीचं किंवा साखरेचं औषध रोज घेऊनही अंगी लागत नाही. त्याऐवजी लवकर विरघळणारी गोळी किंवा पातळ औषध लिहून मागता येतं.