तार वाजते ती पिक सुटल्यावर

मिरजेच्या सतारीवरचा ‘झाला’ (वादनाच्या शेवटचा द्रुत भाग) ऐकलेल्या कानाला ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर भराभर छेडत राहणं, अगदीच परका नाही. सतारीवर नखी आत येते तो ‘दा’, बाहेर जाते तो ‘रा’ आणि हीच जोडी दुप्पट लयीत आली की ‘दिर’. टेनर गिटारवर खाली-वर धावणारा पिकही (तार छेडायची चपटी पट्टी) तेच करतो, विरत चाललेला सूर पुन्हापुन्हा छेडून लांबवतो.

या गिटारला चारच तारा: सी, जी, डी, ए, प्रत्येक आधीच्या तारेच्या पंचमावर. 1920च्या दशकात टेनर बँजोवाल्यांना बोटं न बदलता ती हाती घेता येऊ लागली. पण मेंडोलिनसारख्या जोडतारा तिला नाहीत, त्यामुळे दोन आघातांमधली फट उघडी पडते.

ती फट बुजवायला नवखे वेग वाढवतात. तिथंच चुकतं. पिक तारेला टेकला की आधीचं कंपन दबतं. तार वाजते ती तो सुटल्यावर. सेकंदाला 8 आघात धरले तर एका आघाताच्या वाट्याला 125 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात 440 हर्ट्झची ए तार 55 वेळा झुलते, 131 हर्ट्झची सी जेमतेम 16 वेळा. पिक खोल घुसला की त्यातला बराच वेळ तारेवर अडकण्यातच जातो आणि सुराऐवजी खडखड ऐकू येते. म्हणून टोक तारेखाली मिलिमीटरभरच जाऊ द्या. पिक 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीचा बरा. तो थोडा तिरका धरला तर तारेवरून घसरून सुटतो. फार तिरका केलात तर सी आणि जी या वेटोळ्याच्या तारा खरवडल्यासारख्या वाजतात. सी तार ढिली झुलते, तिच्यावर हात घोडीकडे (तारा टेकतात त्या पट्टीकडे) सरकवा.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, एका ठोक्याला चार आघात, तोंडाने ‘दिर दिर’. दोन मिनिटं स्वच्छ वाजलं तरच 5 ने वाढवा. 120 ला पोचलात की सेकंदाला 8 आघात झाले. कोपरापासून हात आखडायला लागला तर मागं या.

घोड्याच्या टापांसारखा आवाज येतोय? वरचा, म्हणजे पिक वर जातानाचा आघात कच्चा आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करून लहर पाहा: एक शिखर उंच, एक बुटकं दिसेल. आठवडाभर सुरुवातच वरच्या आघाताने करा.

तार बदलताना पिक दोन तारांच्या मध्ये अडकत असेल तर तो असा कलवा, की वरच्या आघातानंतर टोक तारांच्या बाहेर येईल. मग खालच्या आघाताने सुरू केलेले आघात सम संख्येत संपवून पुढच्या तारेवर जायचं.

सांगलीत एप्रिल-मेमध्ये घामाने गुळगुळीत पिक बोटांत फिरतो, आपण तो आवळतो आणि मनगट जाम होतं. पिकाच्या दोन्ही बाजूंना सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढून ठेवा. पकड सैल ठेवता येते.