अलिबागला बंगला घेऊन भाड्याने द्यायचाय? मग आधी हे वाचा

आम्ही अलिबाग, नागाव, किहीम पट्ट्यात दुसऱ्यांचे बंगले सांभाळतो, म्हणजे बुकिंग घेणं, साफसफाई, पंप बिघडला की माणूस पाठवणं असली कामं. तुम्ही बंगला घेतलात तर आमचाच धंदा वाढणार, तरी हे पत्रक काढलंय कारण दोन वर्षांनी "तुम्ही आधी का नाही बोललात" हे ऐकून ऐकून कान किटलेत.

पहिली चूक हिशोबात होते. प्लॉट बघायला आलेला माणूस शनिवारचा रेट धरतो, ५२ ने गुणतो आणि परत गाडीत बसेपर्यंत त्याचं कर्ज फिटलेलं असतं! आता कॅलेंडर घेऊन बसा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा साध्या बोटी बंद, रो-रो (गाड्यासुद्धा नेणारी मोठी बोट) असते पण समुद्र खवळला की तीही रद्द, आणि वडखळवरून यायचं तर खड्डे. गणपतीत लोक आपापल्या गावी, मग पितृपक्ष, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी दहावी-बारावी. सोमवार ते गुरुवार तर शुकशुकाटच. उरला डिसेंबर, मे आणि लाँग वीकेंड, आणि नेमकं तेव्हाच तुमच्या चुलतभावाला सासुरवाडीसकट यायचं असतं, अर्थात फुकट. नाही म्हटलं तर वाईटपणा, हो म्हटलं तर सीझन गेला. मालक स्वतः येतात ते बहुतेक जुलैत, गळती बघायला.

घराचं म्हणाल तर खारा वारा कोणाला सोडत नाही. गेट, ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट सगळं गंजतं, बंद खोलीत गाद्यांना बुरशी येते, दाराच्या चौकटीला वाळवी. एका बंगल्यात तर एसी परत परत बंद पडायचा, उघडून बघितलं की दरवेळी सर्किटवर पाल चिकटून मेलेली, शेवटी बारीक जाळी मारली तेव्हा कुठे थांबलं. आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना, पत्रे-कौलं उडाली, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत दिवसचे दिवस लाइट नव्हती. विम्यात वादळ कव्हर आहे का हे बऱ्याच जणांनी त्यानंतर पहिल्यांदा वाचलं.

पाहुण्यांचं काय सांगायचं. बुकिंग ८ जणांचं, गाड्यांतून उतरतात १४, रविवारी सकाळी सेप्टिक टँक भरून वर येतो आणि त्या दिवशी टँकरवाला फोन उचलत नाही. रात्री १० नंतर बाहेर स्पीकर लावायला बंदी आहे, तरी लावतात, मग शेजारचे आजोबा पुण्यात झोपलेल्या मालकाला उठवतात. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा राहिला (अमेरिकेतला भाचासुद्धा!) तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन भरून द्यायची, हे तर कोणालाच माहीत नसतं.

टॅक्सचं थोडक्यात: वर्षभराच्या साध्या घरभाड्यावर जी ३०% वजावट मिळते ती रोजच्या रेटने, चहा-नाश्त्यासकट दिलेल्या घराला मिळेलच असं धरू नका, ते धंद्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. आपल्या सीएला व्यवहाराच्या आधी विचारा, नंतर नाही.

एवढं वाचूनही घ्यायचाच असेल तर या, दोन-तीन बंगल्यांचे मागच्या वर्षीचे खर्च समोर ठेवतो, मालकांची नावं झाकून. फक्त शनिवारी दुपारी फोन नको, तेव्हा आमची सगळी माणसं चादरी बदलत असतात.