पार्श्वभूमी : खान्देशातल्या ग्रंथपालांचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि त्यातून गळणारी माणसं

ग्रंथपालांसाठीच्या ऑनलाइन कार्यशाळेची खबर जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बहुधा एकाच रूपात फिरते. व्हॉट्सॲपवर एक रंगीत पत्रक येतं, त्यात पाहुण्यांचे फोटो, तारीख, वेळ आणि तळाशी क्यूआर कोड. हे पत्रक म्हणजे चित्र. फोन ऐकून वापरणाऱ्या दृष्टिहीन ग्रंथपालाला त्यातली तारीख सहसा कळतच नाही, आणि ज्या फोनवर पत्रक आलं त्याच फोनने त्यातला क्यूआर कोड स्कॅन कसा करायचा, हा प्रश्न डोळस माणसालाही पडतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणसं गळायला लागतात ती इथून. ही पद्धत एकाएकी पडलेली नाही.

ग्रंथपालाला शिकवून तयार करायचं असतं, ही कल्पना खान्देशच्या अगदी शेजारी रुजली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि पुढच्याच वर्षी तिथे प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. बडोदा संस्थानातलं सोनगड नवापूरपासून हाकेच्या अंतरावर. पण सरहद्दीच्या अलीकडे ब्रिटिश मुलूख होता, आणि १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागलेल्या खान्देशात असं काही घडलं नाही. इथली वाचनालयं गावकऱ्यांनी, वकिलांनी, व्यापाऱ्यांनी उभी केली. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ चं. तिथे काम करणारे करता करताच शिकले. मुंबई प्रांतात फैजी समितीने १९३९-४० मध्ये ग्रंथालयांची पायरीवार योजना मांडली, तरी प्रशिक्षित माणूस ही गरज कागदावर ठसठशीत उमटली ती महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ मुळे. मान्यता, अनुदान आणि अ, ब, क, ड असे वर्ग त्यानंतरच्या व्यवस्थेतून आले.

आजच्या प्रश्नाची मुळं या वर्गवारीत आहेत. ड वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकच माणूस असतो : कुलूप उघडणारा, वर्तमानपत्रं लावणारा, दाखलपुस्तक लिहिणारा. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली; त्याआधी कित्येक वर्षं ड वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते, आणि त्यात पगारही धरलेला. असा माणूस जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी ग्रंथालय बंद, आणि जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. धडगावहून निघायचं तर चांदसैली घाट उतरून आधी तळोदा गाठायचं. पावसाळ्यात दरड आली की तेही राहिलं.

महाविद्यालयीन ग्रंथपालांची वाट वेगळी. खान्देश १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होता. त्या वर्षी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं, त्याच्या एक वर्ष आधी नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येऊ लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालयांतून १९८७ च्या आसपास उद्बोधन आणि उजळणी वर्ग सुरू झाले. ते निवासी, काही आठवड्यांचे, त्यासाठी कर्तव्यरजा मिळायची. विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने सोल या ग्रंथालयासाठीच्या संगणकप्रणालीचं प्रशिक्षण दिलं. वेतनश्रेणीतली बढती मात्र या वर्गांच्या प्रमाणपत्रांना बांधली गेली, आणि आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही ग्रंथपालांसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि ग्रंथालय स्वयंचलन-डिजिटायझेशनवरची किमान ५ दिवसांची कार्यशाळा अशा अटी राहिल्या. प्रमाणपत्राला आलेली ही किंमत लक्षात घेतली नाही, तर २०२० मध्ये जे झालं त्याचा उलगडा होत नाही.

एड्युसॅट उपग्रह २००४ मध्ये गेला, दूरशिक्षणाची मोठी भाषणं झाली. गावातल्या वाचनालयापर्यंत त्यातलं फार काही उतरलं नाही. खरा फरक पडला २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाला तेव्हा. मग टाळेबंदी आली. राज्यातली ग्रंथालयं मार्च २०२० पासून १५ ऑक्टोबरपर्यंत बंद होती आणि त्या महिन्यांत वेबिनारांचा पूर आला. १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, तर एकाच वेळी किती लिंका येत याला सुमार नव्हता.

त्या घाईत जो साचा पडला तो अजून तसाच आहे. झूमच्या मोफत खात्यावर १०० माणसं आणि ४० मिनिटं, म्हणून गर्दी यूट्यूब थेट प्रक्षेपणावर वळवायची. (नव्या वाहिनीवर थेट प्रक्षेपण चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात; आदल्या रात्री वाहिनी काढणाऱ्यांना हे ऐन वेळी कळतं.) व्याख्यान दीड तास, शेवटच्या दहा मिनिटांत अभिप्राय अर्जाची लिंक, त्यात प्रश्नमंजूषा, ४० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र ईमेलवर. प्रमाणपत्रं आपोआप पाठवणाऱ्या जोडसाधनाला साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला १०० जणांचीच मर्यादा असते. तीनशे जण असतील तर दोनशे जणांना त्या दिवशी काही येत नाही, आणि आयोजकाचा फोन दोन दिवस वाजत राहतो. उपाय सोपा आहे : तीन दिवसांत पाठवू असं आधीच सांगायचं, किंवा संस्थेचं खातं वापरायचं.

शेवटच्या दहा मिनिटांतली ती लिंक हा या साच्याचा सगळ्यात अन्यायी भाग. ज्याचं नेटवर्क त्याच वेळी गेलं, जो हळू टंकतो, जो पडदावाचकाने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीने) अर्ज भरतो, ज्याला हाताच्या कंपामुळे गोल टिंबं निवडायला वेळ लागतो, तो दीड तास ऐकूनही गैरहजर ठरतो. अर्ज ४८ तास उघडा ठेवला की हा प्रश्न मिटतो. गैरवापर होईल ही भीती खोटी नाही. पण दहा मिनिटांच्या अर्जानेही न ऐकता प्रमाणपत्र घेणारे थांबलेले नाहीत.

अपंगत्वाच्या कायद्याचा धागा या सगळ्याला समांतर चालला होता. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिलं, २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केलं आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांची सुगम प्रत काढण्याची मुभा देणारा मराकेश करार २०१३ चा. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये उघडलं. ग्रंथपालांना हे सगळं ‘वाचकसेवा’ म्हणून शिकवलं गेलं. खुद्द ग्रंथपालच दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा चाकाच्या खुर्चीवर असू शकतो, हे आयोजकांच्या डोक्यात उशिरा शिरलं. खुर्चीवरच्या माणसाचा ऑनलाइनमुळे निखळ फायदा झाला. जिल्ह्याच्या गावातलं दुसऱ्या मजल्यावरचं लिफ्ट नसलेलं सभागृह एकदम मध्ये येईनासं झालं. बाकीच्यांसाठी अडथळ्यांची फक्त जागा बदलली.

मराठीतला सर्वांत जुना अडथळा फॉन्टचा. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे जुने फॉन्ट हे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून केलेले. डोळ्याला मराठी दिसतं, संगणकाच्या लेखी तो रोमन मजकूरच राहतो. कृतिदेवात टंकलेला ‘ग्रंथालय’ हा शब्द पडदावाचक एकेक अक्षर वाचतो तेव्हा ऐकू येतं : एक्स, झेड, ए, एफ, के, के, वाय, अर्धविराम. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक आणि त्याच्याबरोबर येणारा ई-स्पीकचा आवाज मराठी वाचतो, उच्चार यांत्रिक असला तरी समजतं. पण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या संकेतात, हवा. जुनी टिपणं फॉन्ट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढली तर पहिली वेलांटी जोडाक्षरात भलत्या जागी जाऊन बसते, रफार सरकतो, ‘ऱ्या’ मोडतो. म्हणून परिवर्तनानंतर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं. डीटीपीवाल्याकडून आलेल्या पीडीएफची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते : त्यातला एक शब्द निवडून दुसरीकडे चिकटवायचा. मराठी उमटलं तर बरं, अगम्य चिन्हं उमटली तर ती फाइल पाठवू नये.

दुसरा अडथळा सामायिक पडद्याचा. वक्ता आपला पडदा दाखवतो तेव्हा समोर पोचतं ते चित्रफितीसारखं चित्र. त्यातली अक्षरं पडदावाचकाला वाचता येत नाहीत. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली शिकवताना ‘आता इथे क्लिक करा, मग हे निवडा’ असं म्हटलं की दृष्टिहीन माणूस संपला, आणि सहा इंची फोनवर बघणारा डोळसही. खान्देशात ही दुसरी मंडळी पुष्कळ, कारण वाचनालयात संगणक असला तरी कॅमेरा आणि माइक नसतो. वक्त्याने मेनूचं नाव मोठ्याने घ्यावं, ब्राउझर १५० टक्क्यांवर न्यावा, स्लाइडवरची अक्षरं २४ पॉइंटांच्या खाली नेऊ नयेत. पिवळ्यावर पांढरं लिहू नये. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, असं जागतिक वेब सुगमता निकष सांगतात. स्लाइड तीन दिवस आधी पाठवल्या तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. वक्ते याला नाखूश असतात. पण आदल्या रात्री स्लाइड करणारा वक्ता हा सुगमतेचा नव्हे, नियोजनाचा प्रश्न आहे, आणि तो निमंत्रणपत्रातच सोडवायचा असतो.

गप्पाचौकटीचं, म्हणजे चॅटचं, कोणाच्या लक्षात येत नाही. पडदावाचक नवा संदेश आला की तो वाचून दाखवतो. सत्र सुरू होताच शंभर जण ‘नमस्कार’, ‘उपस्थित’, ‘जय खान्देश’ लिहितात आणि त्या माणसाच्या कानात वक्त्याच्या आवाजावर हे शंभर नमस्कार आदळतात. पडदावाचकात ही सूचना बंद करता येते, पण मग खरा प्रश्न आणि खरी लिंकही चुकते. हजेरीसाठी वेगळा अर्ज ठेवून गप्पाचौकट प्रश्नोत्तरांपर्यंत बंद ठेवणं सगळ्यात सोयीचं. नंतर सूत्रसंचालकाने प्रत्येक प्रश्न वाचून दाखवावा, लिंकही बोलून सांगावी.

मथळ्यांची, म्हणजे बोललेलं खाली अक्षरांत दिसण्याची, गोष्ट अलीकडची. झूमने आपोआप उमटणारे मथळे मोफत खात्यांना २०२१ च्या ऑक्टोबरात दिले, तेही आधी इंग्रजीत. मराठीसाठीची साधनं नंतर आली आणि ती प्रमाण मराठीवर बेतलेली. वक्ता मराठीतून ‘मार्क’, ‘ओपॅक’, ‘मेटाडेटा’ असे ग्रंथालयशास्त्रातले इंग्रजी शब्द म्हणत गेला की मथळा भरकटतो. कोणी ‘आवाज येस का, दिखी ऱ्हायनं का?’ असं अहिराणीत विचारलं तर त्याला काही सुधरत नाही. म्हणून एका सहकाऱ्याने मुद्दे टंकत राहणं अजूनही भरवशाचं. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी घेतला तर एक पुरत नाही, दोघं लागतात. २०-३० मिनिटांनी पाळी बदलते. त्यांना पारिभाषिक शब्दांची यादी आधी हवी आणि त्यांची चौकट सतत पडद्यावर पिन केलेली हवी. नेमकं इथेच बिनसतं : झूमवर पिन केलेलं फक्त स्वतःला दिसतं, सगळ्यांना दाखवायचं तर स्पॉटलाइट करावं लागतं. यूट्यूबवर जाणाऱ्या प्रक्षेपणात दुभाषी गायब होतो तो बहुधा या फरकामुळे.

आणि नेटवर्क, वीज. सातपुड्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडे रेंज एखाद्या टेकडीपुरती मिळते. तिथल्या माणसासाठी निव्वळ आवाजाची सोय ठेवली तर ताशी ३०-४० एमबीत काम भागतं; चित्र आलं की हा आकडा कित्येक पटींनी चढतो. म्हणून ओळखपाळख झाल्यावर वक्त्याने कॅमेरा बंद केला तर तो शिष्टाचारभंग समजू नये. कर्णबधिर व्यक्ती ओठ वाचत असेल तर मात्र कॅमेरा चालूच हवा, चेहऱ्यावर उजेड हवा. दोन गरजा अशा आमनेसामने येतात, त्यामुळे नोंदणी अर्जातच ‘भाग घ्यायला तुम्हाला काय लागेल?’ हा मोकळा प्रश्न हवा, आणि अर्ज दहा दिवस आधी बंद व्हायला हवा. त्याहून उशिरा दुभाषी मिळत नाही. वेळ ठरवताना महाविद्यालयं सकाळी ११ धरतात किंवा संध्याकाळी ५; संध्याकाळी पाच ही गावच्या वाचनालयाची ऐन गर्दीची वेळ. दुपारी २ ते ३.३० बहुतेकांना जमतं, फक्त एप्रिल-मे सोडून, कारण पारा ४५ कडे गेलेल्या भुसावळ-जळगावात दुपारी वीज जाते आणि राउटरबरोबर माणूसही जातो.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंतची पोच हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यानंतर सुगमता हा आयोजकांच्या सौजन्याचा विषय उरलेला नाही, पण दुभाष्याचं मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकायचं हा प्रश्न जिल्हा पातळीवरच्या अंदाजपत्रकात अजून तसाच लोंबकळतो आहे. तोवर बिनखर्चाचं एक काम बहुतेक ठिकाणी सुरू करता येतं : चित्रफितीचे विषयवार दहा-दहा मिनिटांचे तुकडे, कमी दर्जाच्या ३६० पिक्सेलमध्ये, खाली हाताने दुरुस्त केलेले मथळे आणि शेजारी युनिकोडमधलं टिपण. मथळे दुरुस्त करायला चित्रफितीच्या लांबीच्या तीन-चार पट वेळ जातो. त्या वेळी चुकलेल्या शब्दांची यादी करून ठेवली, तर पुढच्या सत्राआधी टंकणाऱ्याच्या आणि दुभाष्याच्या हातात तीच देता येते.