‘भाऊ, गॅस भरून द्या’ म्हणण्याआधी
(कारचा एसी कमी थंड करतो, तेव्हा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

एप्रिल लागला की आमच्या वर्कशॉपच्या फाटकाशी गाडी थांबते, काच खाली होते आणि आतून ठरलेलं वाक्य येतं, “भाऊ, एसी थंडच नाही करून राहिला, गॅस भरून द्या.” नागपूरचं ऊन. पारा ४५ ला टेकला की माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे आम्हालाही कळतं. गॅस भरून द्यायला आमची ना नाही, आमचं पोटच त्यावर आहे. पण यातल्या बऱ्याच गाड्यांत गॅस पुरेसा असतो. ज्यांत तो कमी असतो, त्यांत तो कुठूनतरी बाहेर गेलेला असतो. ती जागा न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी.

गॅस जातो कुठे?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तोच गॅस बंद पाइपांतून गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे लावलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून तो पातळ, म्हणजे द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून हे सगळं जमतं.

रबरी पाइपांतून आणि सीलमधून थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतोच, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या गाडीत तो किंचित कमी निघाला तर नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर लीक आहे. मागच्या मे महिन्यात आलेल्या एका गाडीत सलग तीन उन्हाळे गॅस भरलेला होता. पुढचा बंपर काढला तर कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळा, चिकट डाग, त्यावर धूळ बसून झालेला लगदा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. लीकमधून गॅस उडून जातो, तेल मात्र तिथेच राहतं आणि धूळ धरतं. त्या डागावर साबणाचं पाणी लावताच फेस धरला. तीन वर्षांचं कोडं दहा मिनिटांत सुटलं.

कधी थंड करत नाही, तेवढं बघून या

‘थंड करत नाही’ एवढ्यावरून आम्हाला फार कळत नाही. कधी करत नाही, हे सांगितलंत तर अर्धं काम होतं.

हायवेला छान थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट, असं असेल तर आम्ही आधी कंडेन्सर आणि त्याचा फॅन पाहतो. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो. उभी असते तेव्हा सगळी मदार फॅनवर. एसी चालू करून, बॉनेट उघडून, लांबूनच बघा की फॅन फिरतो का. हात घालू नका, इंजिन बंद केल्यावरही हा फॅन अचानक सुरू होऊ शकतो. फॅन ठीक असेल तर कंडेन्सरच्या जाळीवर नजर टाका. चैत्र-वैशाखात सावरीची बोंडं फुटतात, तो कापूस जाळीवर येऊन बसतो, त्यावर किडे आणि धूळ, आणि बघता बघता त्याची गादी होते. ती धुवायला साध्या नळाची हलकी धार पुरते. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने त्या पत्र्याच्या पापण्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

हवा थंड आहे पण येतेच कमी, आणि ब्लोअरचा आवाज मात्र जोरात, असं असेल तर केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतो. रोज कडुलिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे फिल्टर आम्ही काढतो, तेव्हा आधी वाळलेली पानं आणि मोहर झडतो, मग फिल्टर दिसतो. एकदा तर उंदराने फिल्टर कुरतडून, त्याचीच गादी करून संसार थाटला होता. काही बेस मॉडेलमध्ये फिल्टर मुळातच नसतो, त्यांत सगळा कचरा थेट कॉइलवर जाऊन बसतो. तिथे कॉइलच साफ करावी लागते.

सुरुवातीला गारेगार आणि तासाभराच्या प्रवासानंतर हवा कमी कमी होत जाते, हा त्याहून वेगळा प्रकार. इथे कॉइलवर बर्फ धरतो आणि हवेची वाट बंद होते. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. हवा परत आली आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडलं, तर आम्ही कॉइलचा सेन्सर तपासू. (एरवी एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं ती लीक नव्हे. ते हवेतलंच पाणी आहे, ठिबकायलाच हवं.)

एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटखाली ‘टक’ असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरचा क्लच. दर काही सेकंदांनी टक-टक होत राहिलं तर गॅस कमी असण्याची शक्यता बरीच. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, उंदराने तोडलेली वायर, किंवा गॅस इतका गेलाय की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, त्यांत आवाज आला नाही म्हणून घाबरू नका.

आणि हो, गरम-थंडचा नॉब पूर्ण निळ्याकडे आहे ना, ते बघा. हसू नका. जानेवारीच्या थंडीत थोडासा लालकडे फिरवलेला नॉब विसरून दर मार्चमध्ये दोन-तीन गाड्या आमच्याकडे येतात. नॉब निळ्याकडे असूनही आतला हीटरचा फ्लॅप अर्धा उघडा अडकलेला असू शकतो. मग इंजिनच्या गरम पाण्यावरची हवा थंड हवेत मिसळत राहते. गॅस कितीही भरा, फरक पडत नाही.

गॅस मीटरवर नाही, काट्यावर

गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे, गॅस फुल आहे’ असं सांगणारे खूप भेटतील. एसी बंद असताना ते खरं नसतं. घरचा सिलिंडर आठवा. तो अर्धा झाला म्हणून शेगडीची ज्योत अर्धी होत नाही, शेवटपर्यंत तशीच राहते. आत थोडाही पातळ गॅस शिल्लक असला तरी प्रेशर तापमानावर ठरतं, गॅसच्या प्रमाणावर नाही. ३० अंशांना आर-१३४ए चं प्रेशर ९७ पीएसआयच्या आसपास दिसणार, आत २०० ग्रॅम असो की ४००. म्हणून सिलिंडरवाला जसा काट्यावर वजन करून देतो, तसंच इथे करावं लागतं.

आम्ही आधी जुना गॅस मशीनमध्ये ओढून त्याचं वजन करतो. हवेत सोडत नाही, कारण पृथ्वी तापवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त जोरकस आहे. मग नायट्रोजनने लीक तपासतो, त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्युम, म्हणजे पंपाने पाइपांतली हवा ओढून घेणं. हा अर्धा तास बसून काढायला ग्राहकांना जड जातो, पण पाइपांतली ओल निघते ती त्यातच. ओल राहिली तर व्हॉल्व्हच्या छिद्रात तिचा बर्फ होतो, आणि गॅस-तेलात मिसळून आम्ल बनतं ते आतून धातू खातं. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत, तेवढाच गॅस. ‘थोडा जास्त टाका ना भाऊ’ हे आम्ही ऐकणार नाही. जास्त गॅसने कंडेन्सर पातळ गॅसनेच भरून जातो, प्रेशर चढतं आणि थंडावा उलट कमी होतो. किती ग्रॅम निघाला, किती भरला, हे बिलावर लिहिलेलं असतं.

स्टिकरवर आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस लिहिलेला असेल तर आर-१३४ए चालत नाही. स्वस्तातल्या डब्यांपासूनही सांभाळा, काहींत पेटणारा, स्वयंपाकाच्या गॅससारखा गॅस भेसळलेला असतो. लीक बंद करणारं औषध आधी कुणी टाकलं असेल तर आवर्जून सांगा. ते आमच्या मशीनमध्ये चिकटतं, म्हणून अशा गाडीचं काम वेगळ्या पद्धतीने करतो. एसीचा पाइप घरी सैल करू नका, सुटणाऱ्या गॅसने बोटं आणि डोळे गोठून भाजल्यासारखे होतात.

नवतपात एसीकडून काय अपेक्षा ठेवावी?

उन्हात तासभर उभ्या गाडीच्या आतली हवा ६० अंशांपर्यंत जाते, सीट आणि डॅशबोर्ड त्याहून तापतात. आधी काचा उघड्या ठेवून दोन मिनिटं गाडी चालवा, मग काचा बंद करा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. बाहेरची ४५ अंशांची हवा सतत आत घेत राहिलात तर नवा एसीही हात टेकतो. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालल्यावर डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर धरा. बाहेर ४२-४३ असताना तिथे १० ते १४ दिसलं, तर आमच्या मते एसी ठीक आहे. मग काचांवरची फिल्म, दारांचं रबर असलं काहीतरी बघावं लागेल. १८-२० च्या वर असेल तर गाडी घेऊन या.

येताना आधी गॅस भरल्याच्या पावत्या असतील तर आणा. आणि शक्यतो दुपारी या. सकाळी सातला सगळ्याच गाड्या थंड करतात.