गस्त-मॉडेलसाठी नोंदी मागताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

सागरी गस्तीचे गणिती मॉडेल करायचे, तर तटरक्षक दल, सागरी पोलीस किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या नोंदी लागतात. प्रत्येक यंत्रणेचा नमुना वेगळा असतो, पण छाननीतले प्रश्न बहुतेक सारखेच असतात.

पात्रता: अर्ज शक्यतो विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेमार्फत करावा. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला मुख्य अर्जदार करावे, कारण डेटाची जबाबदारी संस्थेने घ्यावी लागते.

कागदपत्रे: संस्थाप्रमुखांचे पत्र, सर्वांची ओळखपत्रे, दोन-तीन पानी आराखडा, डेटा कुठे ठेवणार व कधी नष्ट करणार याची योजना, गोपनीयतेचे हमीपत्र आणि हव्या असलेल्या रकान्यांची यादी.

खरा कस या यादीतच लागतो. बरेच जण फक्त पकडलेल्या नौकांच्या नोंदी मागतात. गस्त जिथे जाते तिथेच नौका सापडतात, त्यामुळे असे मॉडेल गस्तीला पुन्हा त्याच जागी पाठवत राहते. म्हणून नकाशावर समुद्राचे चौकोनी भाग पाडून त्यातल्या प्रत्येक चौकटीतले गस्तीचे तास, वेग, समुद्राची स्थिती आणि काहीही न सापडलेल्या फेऱ्या आवर्जून मागा. शोधपट्टी 4 सागरी मैल रुंद, वेग 12 नॉट (ताशी 12 सागरी मैल) आणि वेळ 10 तास असेल, तर 480 चौरस सागरी मैल झाडून होतात. क्षेत्र 1,200 चौरस सागरी मैलांचे असेल, तर गणितज्ञ कूपमन यांच्या यादृच्छिक शोधसूत्राने (काही भाग पुन्हा झाडला जातो, हे त्यात धरलेले असते) तिथली एखादी नौका दिसण्याची शक्यता सुमारे 33 टक्के येते. तासांचा रकानाच नसेल, तर हे गणित मांडताच येत नाही.

एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख व जागा आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर, सगळी भिस्त ठेवू नका. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आंतरराष्ट्रीय फेरीच्या 300 टन किंवा अधिक सकल टनभाराच्या जहाजांना ते सक्तीचे आहे. लहान मासेमारी नौका त्यातून सुटतात, आणि यंत्र बंदही करता येते.

अर्ज फेटाळला जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गस्तीनौकांचे ताजे, मिनिटागणिक मार्ग मागणे. त्यावरून पुढची गस्त ओळखता येते, म्हणून नकार रास्तच आहे. त्याऐवजी जुन्या कालावधीच्या, चौकटवार एकत्रित नोंदी मागा. नौकांच्या ओळखक्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक चालतील, असेही लिहा.

अर्जातच अक्षांश-रेखांशांची पद्धत आणि वेळ स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे विचारून ठेवा. 18 अंश 30 मिनिटे म्हणजे 18.50. कुणी ते 18.30 असे भरले, तर नौका 12 सागरी मैल दक्षिणेला सरकते आणि थेट दुसऱ्या चौकटीत मोजली जाते.

मंजुरीनंतर करार होतो. निष्कर्ष छापण्याआधी मसुदा दाखवण्याची अट त्यात असू शकते. यंत्रणेने किती दिवसांत हरकत कळवायची, ते सहीपूर्वीच लिहून घ्या. नाहीतर मसुदा तिथेच अडकून पडतो.