अपिलाचे सहा महिने, थकबाकीची तीन वर्षं

बार्शी, माढा, सांगोल्याकडच्या माजी सैनिकाचा अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला की रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाचं, पत्र येतं, बहुधा इंग्रजीत. आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, हा त्यातला ठरलेला मजकूर. अपिलासाठी सहा महिने दिल्याची ओळ त्याच्याच खाली असते, पण पहिला नकार वाचून मन विटलेला माणूस तिथवर पोचतोच असं नाही.

पेन्शनचे मूळ नियम १९६१ चे आणि आजाराचा सेवेशी संबंध ठरवणारे १९८२ चे. त्या काळात दाद मागायची तर उच्च न्यायालय गाठावं लागे. २००७ च्या कायद्याने सैनिकांसाठी वेगळं न्यायाधिकरण आलं आणि मुदतही कायद्यात बसली: अंतिम आदेशापासून सहा महिने. खात्याकडे केलेल्या अपिलाला सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर त्यापुढचे सहा महिने. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं धाडून मात्र मुदत वाढत नाही, आणि सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारपूस केल्यानेही नाही.

खरा घोळ सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २००८ च्या निकालाचा. १९८३ साली वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलेला एक जवान थेट १९९९ साली उच्च न्यायालयात गेला. एकल न्यायाधीशांनी पेन्शन दिलं, पण थकबाकी याचिकेआधीच्या ३८ महिन्यांपुरतीच. खंडपीठाने ती पहिल्यापासूनची केली. सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाला बाजूला सारलं. पेन्शन नाकारणं हा महिन्या-महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशिरामुळे दावा बुडत नाही. थकबाकी मात्र याचिकेआधीच्या तीन वर्षांचीच.

हा निकाल दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वाचतात. 'मुदत गेली तरी चालतं' एवढंच गावाकडे पोचतं. सरकारी वकील दुसरं वाक्य वाचून दाखवतात. चूक सरकारची होती हे ठरूनही मधल्या बारा-तेरा वर्षांचे पैसे सरकारजमाच राहिले, हे मला आजही पटत नाही. दिवाणी दाव्याची तीन वर्षांची फूटपट्टी, इंग्रजी पत्र हातात घेऊन बसलेल्या हवालदाराला जशीच्या तशी लावली गेली.

पुढचं भराभर घडलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतला धरायचा, आणि शंकेचा फायदा सैनिकाला. करोनाकाळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस मुदतीतून वगळले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यानंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना २०१३ चा तो आधार पूर्वीइतका सहज मिळणार नाही.

२०२३ च्याच मार्चमध्ये, न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट पुन्हा मोकळी झाली. २०१५ च्या निकालाने ती जवळपास बंद केली होती. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. पेन्शनचा मूळ अर्ज मात्र अजूनही आधी न्यायाधिकरणातच, म्हणजे मुंबईला.