अंगावरच्या सेन्सरने हृदयाच्या कामावर लक्ष ठेवणं

सुई न टोचता, नळी आत न घालता, अंगावर घातलेल्या किंवा चिकटवलेल्या छोट्या उपकरणाने हृदय कसं चाललंय ते तासन्‌तास किंवा आठवडेच्या आठवडे मोजत राहणं, याला वेअरेबल कार्डियाक मॉनिटरिंग म्हणतात. यात स्मार्टवॉच आलं, सायकलवाले छातीला बांधतात तो पट्टा आला, छातीवर चिकटवायचा पॅच आला, अंगठी आली आणि होल्टरपण आलं, म्हणजे एक-दोन दिवस अंगावर बाळगायचा ईसीजी. अँजिओग्राफी यात येत नाही, कारण तिच्यात नळी रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत न्यावी लागते, आणि पेसमेकरसुद्धा नाही, तो कातडीखाली बसवतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घेतलेली बरी, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. हृदयाबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न असतात: मिनिटाला किती ठोके पडतात, ते ठोके तालात पडतात का, आणि प्रत्येक ठोक्याला रक्त किती ढकललं जातं. आपल्याकडे डॉक्टर या तिसऱ्याला पंपिंग म्हणतात, टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ईएफ म्हणून टक्क्यात लिहिलेलं असतं, साधारण ५५ च्या वर असेल तर ठीक, ४० किंवा त्याच्या खाली म्हणजे पंपिंग कमी. मनगटावरचं घड्याळ पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं देतं, दुसऱ्याचं बऱ्यापैकी देतं, तिसऱ्याचं जवळजवळ देतच नाही. द्राक्षबागेत विहिरीवरची मोटर चालू आहे हे घरबसल्या आवाजावरून कळतं पण शेवटच्या वेलीपर्यंत पाणी किती पोचतंय ते आवाजावरून कळत नाही, तसंच आहे हे. पल्स ७२ दिसतेय म्हणजे हृदय उत्तम असं धरून चालणारे खूप लोक आहेत आणि ते चूक आहे, पंपिंग ३० टक्के असलेल्या माणसाची पल्सही ७२ असू शकते, त्यात ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर जास्तच शक्य आहे.

कुठून सुरू झालं

हॉलंडमध्ये लायडनला विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ईसीजीचं, म्हणजे हृदयातल्या विजेची नोंद घेणारं, मशीन बनवलं, ते काही शे किलोचं धूड होतं आणि पेशंटला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायला लागायचं. त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. अंगावर घेऊन फिरता येईल असा ईसीजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी केला, तोही सुरुवातीला पाठीवर घ्यायचा आणि वजन ३८ किलोच्या आसपास, मग इलेक्ट्रॉनिक्स लहान होत गेलं आणि १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत सायन्स नियतकालिकात मांडली. आज लॅबमध्ये २४ किंवा ४८ तासांसाठी जे लावतात ते यांच्याच नावाचं होल्टर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या पोलर कंपनीने खेळाडूंसाठी बिनवायरचा छातीचा पट्टा आणला. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात ईसीजी आला आणि तिथून हा विषय दवाखान्यातून गल्लीत आला असं म्हणायला हरकत नाही.

ठोके मोजणं

घड्याळाच्या पोटाला हिरवा दिवा लुकलुकतो ना, तेच खरं यंत्र. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं, ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, प्रकाश कमी परत येतो, दोन ठोक्यांच्या मध्ये थोडा जास्त येतो, आणि ही वरखाली मोजून पल्स काढतात. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात, बोलताना पीपीजी. ऑक्सिमीटरही याच तत्त्वावर चालतं, फक्त तिथे लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश लागतात, ही कल्पना १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली.

पीपीजीला त्रास देणाऱ्या गोष्टी आपल्या नाशिककडे भरपूर आहेत म्हणून जरा सविस्तर. पहिली थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली असल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, अशा पहाटे बागेत गेलेल्या माणसाचे हात गार पडलेले असतात, कातडीतलं रक्त आखडलेलं असतं, मग सिग्नल कमजोर होतो आणि आकडा भलताच दिसू शकतो किंवा दिसतच नाही. दुसरं गोंदण. शाईमुळे प्रकाश अडतो हे घड्याळाच्या कंपन्याच सांगतात, आणि पेठ, सुरगाणा, कळवण भागात जुन्या बायकांच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण असतं. तिसरं कातडीचा रंग. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, ते प्रकाश शोषतं, आणि ऑक्सिमीटरबाबत तर अमेरिकेत २०२० मध्ये छापून आलंय की काळ्या पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी असूनही ते मशीनने न पकडण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. म्हणजे यंत्र कोणावर तपासून बाजारात आणलंय हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे, आपल्या लोकांवर, आपल्या कातडीवर, बांगड्या भरलेल्या आणि निंदणी-छाटणी करणाऱ्या हातांवर तपासलंय का. चौथं म्हणजे हालचाल, पण त्यासाठी आत ॲक्सेलरोमीटर असतो, तो हाताचे झटके वेगळे काढायचा प्रयत्न करतो. हँडल घट्ट धरून घाट चढणाऱ्या सायकलवाल्याला मात्र छातीचा पट्टाच बरा, तो प्रकाशावर नाही तर हृदयाच्या विजेवर चालतो. नाशिकमध्ये सायकलिंग चांगलंच रुजलेलं आहे, इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्यामुळे पट्टा वापरणारे इथे कमी नाहीत. आणि हो, रोज भरपूर व्यायाम करणाऱ्याची बसल्याजागची पल्स ५० च्या खाली असली तरी ते बऱ्याचदा नॉर्मल असतं, त्यावर घड्याळ ओरडलं म्हणून घाबरायचं नाही, चक्कर किंवा डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर मात्र दाखवायचं.

ताल पकडणं

घड्याळातला ईसीजी म्हणजे एका हाताला घड्याळाची मागची बाजू टेकलेली आणि दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर, असं ३० सेकंद धरायचं. दोन हातांमधली वीज मोजली जाते, म्हणजे दवाखान्यातल्या ईसीजीत हृदयाकडे १२ बाजूंनी बघतात, त्या १२ लीडपैकी फक्त लीड वन. एवढ्यात एट्रियल फिब्रिलेशन चांगलं दिसतं, त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, ताल पूर्ण बिघडतो, आत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. हे येतं-जातं, माणसाला कळतही नाही, दवाखान्यात दहा सेकंदांच्या ईसीजीत सापडेलच असं नाही, म्हणून सतत अंगावर असलेल्या सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे.

याचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, ॲपल हार्ट स्टडी, ४,१९,२९७ लोक होते. त्यातल्या २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के लोकांना, ताल अनियमित असल्याचा इशारा आला. त्यांना घरपोच पॅच पाठवला, ज्यांनी तो लावून परत पाठवला त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्यांना इशारा खोटा आला होता असं लगेच म्हणता येत नाही, कारण पॅच लागेपर्यंत दिवस गेले होते आणि हा आजार मधेच गायब होतो. पण इशारा आला म्हणजे आजार झालाच असंही नाही, हे दोन्ही एकदम लक्षात ठेवायला लागतं. पॅच जास्त दिवस म्हणजे १४ दिवसांपर्यंत राहतो, वायर नसते, आंघोळ करता येते, त्यामुळे महिन्यातून दोनदाच धडधड होणाऱ्या माणसाला २४ तासांच्या होल्टरपेक्षा तो उपयोगी पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घड्याळाचा ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक लीड टू, थ्री आणि एव्हीएफ मध्ये दिसतो, लीड वन मध्ये तो निसटू शकतो. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही होत असेल आणि घड्याळ नॉर्मल म्हणत असेल तर घड्याळ बाजूला ठेवा, १०८ ला फोन लावा. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पिऊन पडून राहणारे आधीच खूप आहेत, त्यात घड्याळाचा दिलासा नको.

पंपिंगचा अंदाज

हा भाग सगळ्यात नवा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. हृदय धडकतं तेव्हा छातीचं हाड अगदी बारीक हलतं, ती थरथर ॲक्सेलरोमीटरने पकडता येते, याला सिस्मोकार्डिओग्राफी म्हणतात. त्या लहरीत महाधमनीची झडप कधी उघडली, कधी मिटली ते दिसतं. सोबत ईसीजी असेल तर विजेचा हुकूम सुटल्यापासून झडप उघडेपर्यंत किती वेळ गेला ते मोजता येतं, हा साधारण १०० मिलिसेकंद, आणि झडप उघडी राहून रक्त बाहेर जातं तो वेळ साधारण ३०० मिलिसेकंद. हृदय थकलं की पहिला वेळ लांबतो आणि दुसरा आखडतो. नुसत्या ठोक्यात हे कधीच दिसणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या गटाने हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय थकून शरीराला पुरेसं रक्त पुरवू न शकणाऱ्या, पेशंटना सहा मिनिटं चालायला लावून आधी आणि नंतर ही लहर घेतली, ज्यांची तब्येत सावरलेली होती त्यांच्या लहरीत चालल्यावर चांगला फरक पडला, ज्यांच्या अंगात पाणी धरलं होतं त्यांच्यात कमी पडला. म्हणजे हृदयाकडे शिल्लक ताकद किती आहे त्याचा अंदाज मिळाला.

दुसरी पद्धत इम्पिडन्सची, छातीतून न जाणवणारा अगदी हलका विजेचा प्रवाह सोडायचा आणि अडथळा मोजायचा, फुफ्फुसात पाणी साठलं की अडथळा कमी होतो कारण पाण्यातून वीज सहज जाते. या तंत्रावर १९६० च्या दशकात नासासाठी काम झालं होतं. तिसरी पद्धत अंगावरच्या सोनोग्राफीची. २०२२ मध्ये एमआयटीने ४८ तास चिकटून राहणारा अल्ट्रासाऊंडचा तुकडा दाखवला आणि जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या गटाने पोस्टाच्या तिकिटाएवढा पॅच, जो व्यायाम करणाऱ्या माणसाच्याही हृदयाच्या डाव्या कप्प्याचं चित्र घेऊन पंपिंगचा आकडा आपोआप काढतो. हा थेट इकोचा भाऊ, पण त्याला तेव्हा वायर आणि कॉम्प्युटर लागत होता.

हे सगळे आकडे दोन माणसांत तुलना करण्यापेक्षा त्याच माणसाचा कालचा आणि आजचा बघण्यासाठी जास्त चांगले. २०२० मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या १०० पेशंटच्या छातीवर पॅच लावून रोजचा डेटा फोनवरून पाठवला, प्रत्येकाची स्वतःची नेहमीची पातळी मशीनने शिकून घेतली, आणि ॲडमिट व्हायला लागण्याच्या साधारण साडेसहा दिवस आधी इशारा मिळाला.

नाशिक जिल्ह्यात याचा अर्थ

साडेसहा दिवस ही आपल्या जिल्ह्यात फार मोठी गोष्ट आहे. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरचा पेशंट शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयातून किंवा खाजगी दवाखान्यातून डिस्चार्ज घेऊन घरी जातो, गोळ्या संपतात, पायाला सूज येते, रात्री आडवं झालं की दम लागतो, आणि तो परत येतो तेव्हा फुफ्फुसात पाणी भरलेलं असतं, त्यात पावसाळ्यात घाटातून रात्री गाडी मिळवायची. आधी कळलं तर लघवीची गोळी वाढवून, मीठ तोडून घरीच निभावतं. आज जिथे सेन्सर नाही तिथे रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करणं हा त्याचाच साधा प्रकार आहे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी असतं. पॅच आला म्हणून वजनकाटा सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या श्रावण सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांत वयस्कर आणि आधी स्टेंट टाकलेली माणसंही असतात, सप्तशृंगी गडावर ट्रॉली असूनही पायऱ्यांनीच जायचं म्हणून नवस असतात, आणि सिंहस्थात तर लाखो लोक. जोखमीच्या माणसाला आधी स्ट्रेस टेस्ट आणि चढताना छातीचा पट्टा, पल्स किती वर जाऊ द्यायची ते डॉक्टरांकडून आधी विचारून, एवढं आजही करता येण्यासारखं आहे.

वापरताना अडचणी साध्याच असतात. घामाने पॅच सुटतो, लावायच्या जागेवरचे केस काढायला लागतात, गोंदाने कातडी लाल होते, खाज सुटते. मनगटावरून बीपी दाखवणाऱ्या घड्याळाला साधारण महिन्याला एकदा दंडाच्या पट्ट्याशी जुळवून घ्यावं लागतं, न जुळवता दाखवलेल्या आकड्यावर गोळी कमीजास्त करायची नाही. पेसमेकर असलेल्यांनी इम्पिडन्स मोजणारी घड्याळं आणि वजनकाटे वापरू नयेत असं त्यांच्या माहितीपुस्तिकेतच असतं, घेण्याआधी ते पान वाचून घ्या किंवा कोणाकडून वाचून घ्या. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, पण नुसतं फिटनेससाठी म्हणून विकलेलं घड्याळ म्हणजे वैद्यकीय उपकरण नव्हे, म्हणून बॉक्सवर मेडिकल डिव्हाइस म्हणून नोंद आहे का बघायचं, आणि डॉक्टरकडे जाताना नुसता आकडा सांगण्याऐवजी ईसीजीची पीडीएफ काढून न्यायची, कार्डिऑलॉजिस्टला ती पट्टी बघायची असते.